सातबाऱ्यावरची आडवी रेघ

डिजिटल अर्जाचे किंवा दाखल्याचे रूप ठरवण्याच्या दोन रीती आहेत. प्रत्येक शीर्षक, प्रत्येक रकाना निवडायचा आणि त्याला टाइप, आकार, रंग द्यायचा, ही एक. त्या रूपाला नाव देऊन ते एकाच जागी नोंदवायचे आणि मजकुराला फक्त ते नाव लावायचे, ही दुसरी. डीटीपीवाले पेजमेकरच्या काळापासून याला स्टाइल, म्हणजे शैली, म्हणतात. वेबपानांसाठी हाच विचार होकोन व्हियुम ली यांनी 1994 मध्ये मांडला आणि डिसेंबर 1996 मध्ये त्यातून आलेल्या सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. एखाद्या पत्रापुरती पहिली रीत चालते. एकच अर्ज वर्षानुवर्षे हजारो लोक भरणार असतील तर ती अंगाशी येते.

महाराष्ट्रात दुसऱ्या रीतीचे सर्वांत ओळखीचे उदाहरण सातबारा. सप्टेंबर 2020 मध्ये त्याचा नमुना बदलला. खाते क्रमांक ‘इतर हक्क’ या रकान्यातून उठून खातेदाराच्या नावाशेजारी आला, दोन खातेदारांमध्ये तुटक रेषा आली. मयत खातेदाराचे नाव किंवा कमी केलेला कर्जाचा बोजा पूर्वी कंसात दिसे. आता त्यावर आडवी रेघ येते. नोंदी एका जागी आणि नमुना दुसऱ्या जागी असल्यामुळेच हे शक्य झाले. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरचा उतारा काढा की कोकणातला, रेघ तीच.

शैलीला नाव कसे द्यावे, हे या रेघेतून नेमके कळते. कमी केलेल्या नोंदीच्या शैलीला कोणी ‘कंसातली नोंद’ म्हटले असते, तर 2020 नंतर ते नाव खोटे ठरले असते. ‘कमी केलेली नोंद’ हे नाव मात्र कंस गेला, रेघ आली, उद्या आणखी काही आले तरी खरेच राहते. म्हणून ‘लाल ठळक 14’ नव्हे, ‘सूचना’. ‘निळी चौकट’ नव्हे, ‘अर्जदाराने भरायचा रकाना’. नाव कामावरून पडावे, दिसण्यावरून नाही. या कामातली निम्मी अक्कल इथेच खर्च होते, आणि बहुतेक जण नेमके इथेच घाई करतात.

भरायच्या अर्जात एका रकान्याची एकच शैली पुरत नाही. तो रिकामा असतो, भरला जात असतो, चुकलेला असतो किंवा बदलता न येणारा असतो. या प्रत्येक अवस्थेचे रूप आधीच ठरवावे लागते. चूक फक्त लाल रंगाने दाखवणे हा आळस आहे; भर उन्हात मोबाइलवर अर्ज भरणाऱ्याला आणि रंग नीट न ओळखणाऱ्याला तो लाल दिसत नाही. ‘आधार क्रमांक 12 अंकी हवा’ असे शब्द शेजारी हवेतच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 ला 1 असावे, असा सुगम्यतेचा जागतिक दंडक आहे.

मराठीसाठी इंग्रजी नमुन्यातली शैली उचलून भागत नाही. रफार, वेलांटी, अनुस्वार वर आणि उकार, ऋकार खाली, त्यामुळे ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट तरी लागते. नाहीतर एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षरांत मोकळीक वाढवली की शिरोरेषा तुटते. तिरप्या अक्षरांची देवनागरीला परंपरा नाही; भर द्यायचा तर ठळक अक्षर बरे. लिब्रेऑफिस रायटरमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार रोमनपेक्षा वेगळ्या जागी ठरतो. तिथे न पाहता आकार बदलला की इंग्रजी मोठी होते आणि मराठी होती तेवढीच राहते. भाषा मराठी अशी नोंदवली तर काही फाँट ल आणि श यांची मराठी वळणे देतात, नाहीतर हिंदी वळणे येतात. या साऱ्या गोष्टी एका मूळ शैलीत घालून बाकीच्या तिच्यावर बेतल्या की पुन्हा हात लावावा लागत नाही. पीडीएफमधल्या भरायच्या रकान्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे रूप रकान्यासोबत स्वतंत्र ठरते आणि काही ॲपमध्ये टाइप केलेली जोडाक्षरे सुटी पडतात. तो अर्ज साध्या मोबाइलवर उघडून ‘ज्ञानेश्वर’ लिहून पाहावे.

शैलीने न होणारेही एक काम आहे. 1993 मध्ये सास्तूरच्या पत्त्यात तालुका उमरगा होता, पुढे लोहारा आला. 2023 मध्ये जिल्हाही उस्मानाबादचा धाराशिव झाला. जिल्ह्याचे नाव मजकुरात टंकलेले असेल तर कोणतीही शैली ते बदलत नाही. त्यासाठी नाव एकदाच साठवून सगळीकडे फील्डने आणावे लागते. रूपाची सोय झाली म्हणजे मजकुराचीही झाली, हा समज बऱ्याच कार्यालयांना महाग पडतो.

नमुना बिघडतो तो हळूहळू. कोणीतरी एका शीर्षकाला वरून रंग देतो, दुसरा आकार वाढवतो. मग शैली बदलली तरी तेवढी शीर्षके जागची हलत नाहीत. वरून दिलेले रूप पुसण्याची आज्ञा प्रत्येक चांगल्या प्रणालीत असते. ती नमुना वापरणाऱ्या प्रत्येकाला दाखवावी. आणि नमुना दुसऱ्याच्या हाती देताना त्यासोबत एक पान असे द्यावे, ज्यावर प्रत्येक शैली तिच्या नावाने, तिच्या रूपात छापलेली असेल.