मोटारीच्या प्रवासातील ‘शू’

घरी शहाणे झालेले मूल मोटारीत बसताच पुन्हा तान्हे का होते, हा प्रश्न आपणांपैकी अनेकांस पडला असेल. दोन-अडीच वर्षांचे लेकरू घरात वेळेवर ‘शू’ म्हणून सांगते, आपण त्याचे कौतुक करतो. आणि प्रवासास निघताना त्यालाच डायपर बांधून ‘आता यातच कर’ असे बजावतो. या आज्ञेचा अर्थ त्या जिवास काय लागत असेल, याचा विचार फारसा होत नाही.

माझा मुलगा व सून नोकरीनिमित्त बंगळूरच्या पूर्वेस महादेवपुऱ्यात राहतात. २००७ साली महानगरपालिकेत विलीन होण्यापूर्वी या भागास स्वतःची नगरपालिका होती. आता तेथे संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ. सणावारी ही मंडळी मोटारीने गावी निघतात. आमचे कोल्हापूर तेथून ६०० किलोमीटरांहून अधिक दूर. वाटेत तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव. आगगाडीत निदान शौचकूप हाताशी असतो. मोटारीत तो शोधावा लागतो.

मुलाच्या शेजारी राहणाऱ्या एका बालकाची हकिकत सांगते. त्याने अशाच प्रवासात दोनदा ‘शी’ म्हणून सांगितले, दोन्ही वेळा ‘थांब जरा’ असे उत्तर मिळाले, आणि तिसऱ्यांदा त्याने सांगितलेच नाही. गावी पोहोचल्यावर ते शी अडवून धरू लागले. अडवलेला मळ कठीण होतो, कठीण झाला की दुखतो, आणि दुखण्याच्या भयाने मूल अधिकच अडवते. बालरोगतज्ज्ञांस हे चक्र चांगले परिचित आहे. घरच्यांस वाटे, मूल हट्टी झाले. ते बिचारे दुखण्याला भीत होते. मळ मऊ करणारे औषध आणि बरेच आठवडे खर्ची पडले, तेव्हा ते पुन्हा निर्धास्तपणे बसू लागले.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली हजाराहून अधिक मुलांच्या नोंदींच्या आधारे सांगितले की, ही सवय मुलाच्या तयारीने लावावी, मोठ्यांच्या घाईने नव्हे. आपल्याकडे आजी पाय लांब करून, पावले जुळवून त्यांवर बाळास बसवीत असे आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करीत असे. त्या पद्धतीत वेळ हाच मुख्य घटक होता. (साऱ्याच आज्या सहनशील असत, असे मात्र मी म्हणणार नाही.)

आता थोडा हिशेब पाहा. मुलाच्या वयात दोन मिळवून तिसांनी गुणले, तर त्याच्या मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावते याचा अंदाज येतो. दोन वर्षांच्या मुलाचे हे माप १२० भरते, म्हणजे चहाच्या एका कपाएवढे! शिवाय ‘लागली’ आणि ‘झाली’ यांत अंतर काही मिनिटांचेच. इकडे महादेवपुऱ्याहून बाह्यवळण रस्त्याने कृष्णराजपुरम, हेब्बाळ करीत तुमकूर मार्गास लागेपर्यंत, रहदारी असली तर तास-दीड तास सहज जातो. म्हणून आम्ही पहाटे निघतो, आणि निघण्यापूर्वी नातीस, लागली असो वा नसो, एकदा बसवतो. पुढे दीड-एक तासाने पेट्रोलपंप किंवा स्वच्छ उपाहारगृह पाहून थांबतो; तिने सांगण्याची वाट पाहत नाही.

तिचे घरचेच छोटे भांडे डिकीत असते. परक्या ठिकाणच्या उंच कमोडास आणि पाण्याच्या गर्जनेस पुष्कळ मुले दचकतात. ओळखीचे भांडे दिसले की काम सोपे होते. तळाशी जुने वर्तमानपत्र घातलेली पिशवी अंथरावी. कपडे सैल, नाडी नको. पाणी मात्र तोडू नये. तहानलेल्या मुलाची शी कठीणच होणार. मुलाच्या आसनावर जाड गादी अंथरू नये, तिच्यामुळे पट्टा सैल बसतो.

पट्ट्याविषयी आणखी एक. धावत्या गाडीत मुलास सोडवून भांड्यावर धरणारे आईबाप मी पाहिले आहेत. २०१९ च्या मोटारवाहन कायद्यातील दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने वा बालआसनात सुरक्षित बसविणे बंधनकारक केले. पण कायदा नसता तरी अचानक ब्रेक लागल्यावर काय होईल, हे सांगावयास नको. महामार्गाच्या कडेला, ट्रकांच्या वाऱ्यात थांबणेही तितकेच वाईट.

मग मध्येच ‘शू’ आली तर? ‘कळले हं, पुढचा पंप आला की थांबू,’ असे सांगावे आणि खरोखरच थांबावे. तोवर झाली, तर न बोलता कपडे बदलावेत. लांबच्या पल्ल्यास डायपर बांधण्यास माझा विरोध नाही. मुलाने सांगितल्यावर त्याकडे बोट दाखविण्यास आहे. शब्दही सर्वांस ठाऊक हवा. पाळणाघरात आमची नात ‘सूसू’ म्हणते, घरी ‘शू’. गाडी भाड्याची असेल, तर चालकासही दोन्ही शब्द आधीच सांगून ठेवलेले बरे.

मागच्या दिवाळीत चित्रदुर्गाच्या पुढे तिने भांड्यावर बसण्यास साफ नकार दिला. मी पंपाच्या मागील बाजूस एका दगडावर बसले, पावले जुळवली आणि तिला बसवले. काम झाले. कोल्हापुरात भांडे मोरीत ठेवले, तेव्हा तिची चारही चुलत भावंडे त्यावर बसण्यासाठी रांगेत उभी होती. त्यांतला थोरला दहा वर्षांचा.