ॲन्टवर्पच्या वाटेवर ज्वारीची शिदोरी

परदेशी विमानाचे तिकीट काढताना जेवणाचा एक लहानसा रकाना भरावा लागतो. जैन जेवणासाठी ‘व्हीजेएमएल’, ग्लुटेनविरहित जेवणासाठी ‘जीएफएमएल’ आणि दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्या व्हीगन प्रवाशासाठी ‘व्हीजीएमएल’ असे संकेत ठरलेले आहेत. बहुतेक विमान कंपन्या एका प्रवाशाला यांपैकी एकच निवडू देतात. ज्या घरात कुणाला सिलिॲकचा विकार आहे, दूधही सोसत नाही आणि कांदा-लसूण-बटाटा तर पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर चढलेला नाही, त्या घराची परीक्षा इथेच सुरू होते. जैन ताटात गव्हाची पोळी आणि पनीर असू शकते. ग्लुटेनविरहित ताटात मांसही असू शकते. व्हीगन ताटात कांदा आणि बटाटा तर असतोच. तीन नियम आहेत, तिन्ही कडक आहेत, आणि परक्या मुलखात ते एकमेकांना ओळखत नाहीत.

लातूर-नांदेडकडच्या कुटुंबाला या अडचणीचे उत्तर बाहेर शोधण्याआधी स्वतःच्या कोठीत सापडते. मराठवाड्याचे मूळ अन्न ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नाही. बाजरीत नाही, तांदळात नाही, तूर-हरभऱ्यातही नाही. भाकरी, तुरीचे वरण, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि हरभऱ्याची पातळ भाजी हे ताट कोणतीही चिठ्ठी न चिकटवता ग्लुटेनविरहित असते, व्हीगन असते आणि जैनही असते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या शिवारात येळवस साजरी होते, तेव्हा शेतातल्या पंगतीत बाजरीचे उंडे आणि डाळी-भाज्यांची भज्जी वाढली जाते. त्या पंगतीत सिलिॲकच्या रुग्णाला फक्त गव्हाची खीर टाळावी लागते. भज्जीत कांदा, लसूण आणि गाजर घातले नाही म्हणजे जैन पाहुणाही निश्चिंत बसतो.

या भूमीचे जैन परंपरेशी नाते जुने आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वंशातील अमोघवर्षाने आदिपुराणकर्त्या जिनसेनाचार्यांना गुरुस्थानी मानले होते. आहारातील विवेक हा इथे आयात केलेला विचार नाही.

तरीही शिदोरी बांधताना दोन ठिकाणी घात होतो, आणि दोन्ही ठिकाणे घरातलीच आहेत. पहिले ठिकाण पिठाची गिरणी. ज्वारी निर्दोष असली तरी ज्या जात्यावर तिच्या आधी गहू दळला गेला, त्याच्या पाळूत आणि कापडी पिशवीत गव्हाचे पीठ अडकून राहते. निरोगी माणसाला त्याचे काहीच वाटत नाही. सिलिॲकच्या रुग्णाच्या लहान आतड्याला मात्र ते पुरेसे ठरते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ‘ग्लुटेनविरहित’ असे छापायचे तर एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. गल्लीतल्या गिरणीला असा कोणताच मापदंड लागू नाही. म्हणून घरघंटी केवळ ज्वारी-तांदळासाठी राखून ठेवणे हा खर्च वाटला तरी तोच खरा उपाय आहे.

दुसरा घात हिंगाच्या डबीत असतो. कांदा-लसूण नसलेल्या फोडणीला हिंगाचाच आधार. पण बाजारातल्या डबीतला हिंग क्वचितच निव्वळ असतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. काही डब्यांत त्याऐवजी तांदळाचे पीठ असते. भाकरीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे घर चिमूटभर हिंगाने गव्हाला स्वतःच आत घेते, आणि मग दोष परदेशच्या पाण्याला दिला जातो. डबीच्या पाठीवरची बारीक अक्षरे निघण्यापूर्वीच वाचलेली बरी. खाकरा हा जैन प्रवाशाचा पिढीजात सोबती. तो गव्हाचा असल्याने या प्रवासात घरीच राहतो. त्याची जागा ज्वारीची कडक भाकरी घेते, जी आठवडेच्या आठवडे टिकते आणि चटणीबरोबर उभ्याउभ्याही खाता येते.

सामानाच्या पेटीलाही कायदा आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या सर्वसाधारण प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे आणि खवा घरीच ठेवायचे. व्हीगन माणसाला याचे दुःख नाही, त्याच्याबरोबर जाणाऱ्या आजीला असते. ताज्या फळ-भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाचच फळे सुटली आहेत. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळ्यांना त्यामुळे युरोपचे दार कागदावर तरी उघडे आहे, पण पेटीत दोन दिवस चेपलेली केळी कुणी खाणार नाही, आणि तिकडे प्रत्येक दुकानात केळी मिळतातच. कढीपत्त्याची ताजी जुडी मात्र ठेवू नये. दळलेले, भाजलेले, वाळवलेले, कारखान्यात बांधलेले आणि नाव छापलेले पदार्थ दाखवायला सोपे जातात.

ॲन्टवर्प हे बेल्जियममधले, शेल्ड नदीकाठचे बंदर. ब्रुसेल्सच्या विमानतळावरून थेट रेल्वेने सुमारे पाऊण तासात तेथील मध्यवर्ती स्थानकात उतरता येते. 1905 साली पूर्ण झालेली ही घुमटाची इमारत पाहायलाच अनेक जण येतात. स्थानकाच्या शेजारीच हिऱ्यांचा बाजार आहे. तेथल्या अरुंद रस्त्यांवर गुजराती बोलणे कानावर पडते, कारण 1960 च्या दशकापासून पालनपूरकडची जैन कुटुंबे इथे हिऱ्याच्या व्यापारासाठी स्थायिक होत गेली. शहराच्या विल्रेक या उपनगरात त्यांनी संगमरवरी जिनालय उभारले. 2010 साली ते खुले झाले. लातूरहून आलेल्या माणसाला तिथे भाषा थोडी वेगळी वाटते, पण ‘बटाटा नको’ याचे कारण सांगत बसावे लागत नाही, हा विसावा लहान नव्हे.

याच बाजारात यहुदी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे आणि त्यांचे आहारनियमही जैनांइतकेच काटेकोर. त्यांच्या बेकऱ्यांत ‘पारवे’ अशी खूण दिसते: म्हणजे त्या पदार्थात ना दूध, ना मांस. दूध टाळणाऱ्या प्रवाशाला ही खूण उपयोगी पडते, पण ती अपुरी आहे. पारवे पदार्थात अंडे चालते, मासाही चालतो. दोन समाज शेजारी बसून खड्यांचा भाव ठरवतात आणि जेवायला आपापल्या घरी जातात, हे दृश्य व्यापारी वाचकाला परके वाटणार नाही.

खरी कसोटी मोठ्या किराणा दुकानात लागते. तिथे ‘ग्लुटेनविरहित’ आणि ‘व्हीगन’ यांची स्वतंत्र कपाटे असतात आणि पहिल्या नजरेला सुटल्यासारखे वाटते. ग्लुटेनविरहित पाव हातात घ्यावा आणि मागचा मजकूर वाचावा. गव्हाचा चिकटपणा गेला की पाव एकत्र धरून ठेवायला दुसरे काही लागते; ते बहुधा बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका आणि अनेकदा अंडे असते. टॅपिओका हाही कंदच, ज्यापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो. शेजारच्या कपाटातले व्हीगन चीज नारळाचे तेल आणि बटाट्याच्या स्टार्चचे. व्हीगन ‘मांसा’त तर पुष्कळदा ग्लुटेनच मुख्य घटक असते, वर कांदा-लसणाची पूड. रुग्णासाठी निर्दोष ठरलेली वस्तू जैन नियमाला बाधते, आणि दुधाविना केलेली वस्तू रुग्णाला. दोन पाट्या एकत्र ठेवल्या की जैन अन्न तयार होते, हा समज तिथेच गळून पडतो.

बेल्जियमच्या या भागात डच भाषा चालते. तिच्यात बटाट्याला ‘आर्डापल’ म्हणतात, म्हणजे भूमीचे सफरचंद. कंदमुळे ओळखण्यासाठी जैन माणसाला याहून प्रामाणिक शब्द सापडायचा नाही. गहू म्हणजे ‘टार्व’, लसूण ‘क्नोफ्लोक’, यीस्ट ‘खिस्ट’. हे चार-पाच शब्द मूळ लिपीत मोबाइलमध्ये ठेवले की काम भागते. युरोपीय कायद्याने बाधक ठरू शकणारे 14 घटक पाकिटावर ठळक छापावे लागतात आणि खाणावळीलाही विचारल्यावर सांगावे लागतात. गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, सोयाबीन, तीळ आणि मोहरी त्या यादीत आहेत. कांदा, लसूण आणि बटाटा नाहीत. म्हणून वाढपी ग्लुटेनबद्दलच्या प्रश्नाला वही उघडून उत्तर देतो, आणि कांद्याबद्दल विचारले की खांदे उडवतो. ‘भाजीचे सूप’ असे लिहिलेल्या भांड्यात बहुधा कांदा-गाजराचा अर्क असतो. तेथील प्रसिद्ध तळलेले बटाटे तर पारंपरिक पद्धतीने गुरांच्या चरबीत तळले जातात. कंद न वर्ज्य करणाऱ्या सोबत्यालाही हे सांगून ठेवावे.

लातूरच्या अडत्याला त्या दुकानात एक वेगळाच अनुभव येतो. ज्या सोयाबीनचा ओलावा आणि मातेरे तो रोज मुठीत घेऊन पाहतो, ज्याचे तेल आणि पेंड यांपलीकडे मोंढ्यात फारशी गोष्ट होत नाही, ते इथे पेय, दही आणि टोफू होऊन कपाटभर बसलेले असते. पाकिटावर ‘सोया दूध’ लिहिलेले मात्र नसते. 2017 साली युरोपीय न्यायालयाने वनस्पतिजन्य पदार्थांना ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ ही नावे विक्रीसाठी वापरता येणार नाहीत असा निर्णय दिला. तेव्हापासून ‘सोया पेय’ असेच शोधावे लागते. मराठवाड्यात ज्वारीचे शिवार मागे हटले आणि सोयाबीन पुढे आले, त्याचा एक हिशेब त्या कपाटापुढे उभे राहून मनात होतोच.

या दोन्ही पाट्यांचा जन्म जवळपास एकाच काळातला आहे. ‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला. त्याच हिवाळ्यात ॲन्टवर्पच्या उत्तरेला, व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला होता. लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, आणि पाव दिसेनासा झाला होता. विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासूनच होता. त्या उपासमारीत इतर मुले खंगत असताना त्याचे सिलिॲकचे बालरुग्ण सुधारले, आणि पाव परतल्यावर पुन्हा आजारी पडले. 1950 साली त्याने आपला प्रबंध मांडला. आज पाकिटावरच्या गव्हाच्या खोडलेल्या कणसामागे तो हिवाळा आहे.

चौविहार पाळणाऱ्याने घड्याळाचाही विचार करावा. जूनच्या अखेरीस ॲन्टवर्पला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर फिरूनही जेवण निवांत होते. डिसेंबरात तो सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेपाचच्या आधीच मावळतो. नवकारशीची 48 मिनिटे धरली तर दोन्ही जेवणे सात तासांत बसवावी लागतात, आणि तिथल्या खाणावळींची संध्याकाळची चूल तोवर पेटलेलीही नसते. वृद्धांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच उन्हाळा निवडावा, आणि हॉटेलऐवजी चूल असलेले घर भाड्याने घ्यावे.

त्या घरात पहिल्या संध्याकाळी भाकरी थापणे सोपे नसते. ग्लुटेन नसल्यामुळे ज्वारीचे पीठ स्वतःहून धरत नाही; त्याला उकळते पाणी आणि तळहाताची रग लागते, आणि पीठ महिनाभर जुने असेल तर भाकरी काठाला फाटते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीच दळावे. भाड्याच्या घरातला तवाही कालपर्यंत कुणाच्या पावाचा होता, तेव्हा आपला लोखंडी तवा पेटीच्या तळाशी ठेवलेला असतो. विजेच्या सपाट शेगडीवर भाकरी फुगत नाही. ती तव्यावरच फडक्याने दाबून फिरवावी लागते. मोरोक्कन किंवा तुर्की वाण्याकडून चणे, मसूर, टोमॅटो आणि काकडी आलेली असते, हळद लातूरहून आलेली वाळलेली. खिडकीबाहेर रात्रीचे नऊ वाजलेले, ऊन अजून कौलांवर. आजी पहिली भाकरी मोडून पाहते, मीठ कमी पडले म्हणते, आणि दुसरीसाठी हात पुढे करते.