पाटी आहे, बिऱ्हाड नाही!

कोथरूडमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जिन्यापाशी नावांचा बोर्ड असतो. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी बाणेरला जाऊन पाच वर्षं झाली, पण बोर्डावर अजून ठाण मांडून आहेत. तिसऱ्या मजल्यावर आयटीतली चार मुलं राहतात, त्यांचा बोर्डाला पत्ताच नाही! बिचारा कुरिअरवाला बोर्ड वाचून वर जातो आणि वैतागून खाली येतो.

कम्प्युटरचंही अगदी असंच आहे, बरं का. फोल्डर उघडल्यावर दिसते ती फायलींची यादी. फायली नव्हेत! यादी एकीकडे लिहिलेली असते, मजकूर दुसरीकडे. हा फंडा डोक्यात बसला की निम्मं टेन्शन खलास.

माझ्या डोक्यात तो बसला बाबांमुळे. बाबा शिक्षक. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून २००४ मध्ये त्यांनी एक उद्योग काढला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. तो पूर ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, अशा ३१ जणांकडे जाऊन त्यांनी आठवणी लिहून घेतल्या. डीटीपी सेंटरमधून टाइपही करून आणल्या. पुढे मूळ वह्या पावसाळ्यात माळ्यावर भिजून गेल्या आणि उरला फक्त एक पेनड्राइव्ह.

मागच्या वर्षी तो लावला, तर आत नुसते शॉर्टकट! दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, गेलंय सगळं. फॉरमॅट मारून देतो, पेनड्राइव्ह तरी वाचेल."

बाबा एवढंच म्हणाले, "त्यातले निम्मे लोक आता नाहीत गं."

मी पेनड्राइव्ह परत घेतला. घरी प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं, तर वापरलेली जागा जवळजवळ तीन जीबी. शॉर्टकट मात्र काही केबींचे. म्हणजे बिऱ्हाड आतच होतं, पाटी तेवढी कुणीतरी काढली होती!

ही करामत शॉर्टकट व्हायरसची. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की आतला प्रोग्रॅम आपोआप सुरू होऊ शकायचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनमध्ये हे बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी, व्हिस्टासाठीही तसा अपडेट दिला. मग बहुतेक व्हायरसना तुमच्या क्लिकची गरज पडू लागली. म्हणून ते खरे फोल्डर लपवतात आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवतात. त्यांना हात लावायचा नाही! फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हिडन फाइल्स दाखवा' एवढं करून भागत नाही, कारण व्हायरस फोल्डरवर 'सिस्टिम'चाही शिक्का मारतो. त्याच यादीतली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा' ही खूणही काढायची. मी काढली, आणि फोल्डर फिकट रंगात हजर!

आनंद दोन मिनिटं टिकला. फाइल उघडली, तर रोमन अक्षरांची भेळ. हा मात्र व्हायरस नव्हता. तेव्हाचं बरंचसं डीटीपी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये व्हायचं. श्रीलिपी आपल्या पुण्याचीच. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर भेळ. त्यावर उपाय म्हणजे कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणणं. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर उडी मारते, कुठे रफार. मग बाबा चष्मा लावून वाचायचे आणि मी दुरुस्त करायचे. असे सात रविवार गेले.

तुमच्या ऑफिसातही या पाटीचे नमुने आहेत. ढगाचं चिन्ह असलेली फाइल यादीत दिसते, पण असते क्लाउडवर. नेट गेलं की उघडत नाही. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशीच राइट क्लिक करून ती कायम मशीनवर ठेवायला सांगा. कधी फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर जातो आणि विंडोजमधले बरेच प्रोग्रॅम हात वर करतात. अशा वेळी वरच्या फोल्डरांची नावं छोटी करायची. जुनी हार्ड डिस्क नव्या मशीनला लावल्यावर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं, तरी घाबरू नका. फाइल शाबूत असते, फक्त मालक म्हणून जुन्याच मशीनवरच्या युजरची नोंद असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला ती मालकी बदलून घेता येते.

आणि फॉरमॅट? क्विक फॉरमॅट मुख्यतः यादी नवी करतो, मजकूर बराचसा तिथेच राहतो. पूर्ण फॉरमॅट मात्र, विंडोज व्हिस्टापासून, सगळ्या जागेवर शून्यं लिहीत जातो. दुकानात पटकन 'हो' म्हणण्याआधी हा फरक लक्षात ठेवा. यादी बिघडली तर त्या पेनड्राइव्हवर नवीन काही सेव्ह करायचं नाही. वापरलेली जागा बघायची. मग सगळं दुसरीकडे कॉपी करायचं आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या कॉपीवर. विंडोज 'एरर दुरुस्त करू का?' असं गोड विचारतं, त्यालाही तोपर्यंत थांबवायचं. कारण दुरुस्ती म्हणजेसुद्धा डिस्कवर लिहिणंच.

बाबांच्या ३१ पैकी २९ आठवणी मिळाल्या. आता त्या तीन ठिकाणी आहेत, शिवाय एक प्रिंट कपाटात. उरलेल्या दोन फायली यादीत दिसतात, साइज शून्य केबी. त्या दोघांची नावं बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहेत. एकांची मुलगी कर्वेनगरला राहते म्हणे. येत्या रविवारी तिच्याकडे जायचं ठरलंय, वही घेऊन.