आधी छत, मग सोलर

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेतला की महिन्याभरातच मालकाला त्यात काहीतरी बदलावंसं वाटू लागतं. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं हे वीस-पंचवीस फुटी घर कारखान्यातून सगळ्यांसाठी सारखंच निघतं. मग टेबलाची अडचण होते, गादी पातळ वाटते, दिवे डोळ्यांवर येतात, बॅटरी रात्रभर पुरत नाही. हे वाटणं अगदी रास्त आहे. आपलं घर आपल्या सवयींना जुळवून घेण्याचा हक्क मालकाला आहेच आणि ट्रेलर बाळगण्याचा निम्मा आनंद त्यात आहे. माझं म्हणणं आहे ते मोजपट्टीबद्दल. बदल करताना बहुतेक जण एवढंच बघतात की सोय किती होईल. मला वाटतं, त्याआधी दुसराच हिशेब मांडायला हवा: या बदलामुळे दरवर्षी तपासायच्या, आवळायच्या, बुजवायच्या गोष्टींत किती भर पडेल आणि ती भर आपण उचलणार आहोत का? ज्या बदलाची निगा राखायची आपली तयारी नाही, तो कितीही सोयीचा असला तरी करू नये.

हे पटायला ट्रेलर बांधतात कसा ते पाहावं. या देशातले बहुतेक ट्रेलर उत्तर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास तयार होतात. स्वस्त प्रकारात बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि वरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा. महाग प्रकारात ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर फोम, पातळ प्लाय आणि फायबरग्लास असे थर चिकटवून सपाट भिंत केलेली असते. छताला प्लायवूड किंवा ओएसबीचा तक्ता आणि त्यावर ईपीडीएम किंवा टीपीओची रबरासारखी अखंड चादर. ही चादर स्वतः सहसा गळत नाही. गळतं ते तिला कापलंय तिथे: झरोक्याभोवती, एसीच्या खाली, नळांच्या टोप्यांशी आणि छत भिंतीला मिळतं त्या कडेला. बरं, पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. पुढच्या कोपऱ्यावरच्या नारिंगी दिव्यामागून शिरलेला थेंब सांगाड्यावरून उतरत पलंगाखालच्या तळाशी जाऊन मुरतो. पायाखालची जमीन मऊ लागायला लागते तोवर आतलं लाकूड चिमटीत चुरडता येईल इतकं कुजलेलं असतं. थरांच्या भिंतीत हाच ओलावा चिकटवण सोडवतो आणि फायबरग्लासला फुगे येतात. एकदा फुगलेली भिंत पूर्वीसारखी करणं घरच्या घरी जवळजवळ अशक्य असतं. नवा घेतलेला ट्रेलर दहा वर्षांत भंगारात जातो तो बहुधा इंजिनासारखं काही बिघडल्यामुळे नाही, कारण त्याला इंजिनच नसतं. तो पाण्यानं जातो.

म्हणूनच अनेक उत्पादक पुस्तिकेत लिहून ठेवतात की छताचं सिलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लवचीक लेप, मालकानं दर तीन महिन्यांनी तपासावं. तपासलं नाही तर पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही. हे पान फारसं कोणी वाचत नाही. कोकणात मिरगाच्या आधी कौलं चाळून घेतात, फुटकी बदलतात. घर आहे म्हटल्यावर ते करायचंच असतं, त्यात कोणाला विशेष काही वाटत नाही. ट्रेलरच्या छताचं तसंच अंगवळणी पडायला हवं. शिडी लावून वर जावं आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवावं. चांगलं सिलंट किंचित दबतं आणि कडेला घट्ट धरून असतं. जुनं झालेलं कडक होतं, त्यावर केसासारख्या भेगा दिसतात आणि त्याची कड नखानं उचलता येते. भिंतींच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यातले स्क्रू झाकायला व्हिनाइलची रिबन बसवलेली असते. ही रिबन उन्हानं आकसते. तिच्या टोकाला बोटभर फट दिसली किंवा पट्टीखाली गंजाचा ओघळ आला असेल, तर रिबन ओढून काढावी आणि स्क्रू फिरवून पाहावेत. एखादा नुसताच गरगर फिरत राहिला तर मागचं लाकूड गेलं असं समजावं. मग पट्टी पूर्ण उतरवायची, जुनी वाळलेली पुट्टी प्लास्टिकच्या पात्यानं खरवडायची, नवी ब्यूटाइल टेप लावायची, स्क्रू थोडे थोडे करत सारखे आवळायचे, ब्यूटाइल हळूहळू दबतं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे आणि कडेनं बाहेर आलेलं कापून टाकायचं. हे दिवसाचं काम आहे. घाई असणारा माणूस वरून सिलिकॉन थापतो. छताच्या रबराला ते नीट धरत नाही आणि त्याचा अदृश्य थर मागे राहिला की पुढचं कुठलंही सिलंट त्यावर चिकटत नाही. एका दिवसाचे कष्ट वाचवणारं ते सिलिकॉन पुढच्या प्रत्येक दुरुस्तीच्या आड येतं.

आता या छतावर सोलर पॅनल मांडून पाहा. शंभर वॉटची चार पॅनल, प्रत्येकाला चार ब्रॅकेट, म्हणजे सोळा जागा. ब्रॅकेटला एकच स्क्रू मारला तरी अखंड चादरीला सोळा भोकं आणि केबल आत घ्यायला आणखी एक. त्यातही पॅनल छताला खेटून बसवलं तर खालचं जुनं सिलंट कायमचं झाकलं जातं. याचा अर्थ सोलर बसवू नये असा मी काढत नाही. निगेच्या बाजूनं विचार केला की बसवण्याची रीत मात्र बदलते. ब्रॅकेट नुसत्या तक्त्यात न मारता आडव्या कड्यांत मारले जातात. पॅनलखाली हात जाईल एवढं अंतर सोडलं जातं. झरोक्यांपासून लांबची जागा निवडली जाते. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं धुराडं छतावर आधीच असेल, तर केबल त्यातून खाली घेतली जाते आणि एक भोक वाचतं. शिवाय भोक न पाडण्याचा पर्यायही डोळ्यांसमोर येतो: घडीची पॅनल जमिनीवर मांडली तर ट्रेलर झाडाच्या सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतात. छतावरच्या पॅनलला ते जमत नाही. फक्त सोयीचा विचार करणाऱ्याला हा पर्याय गैरसोयीचा वाटेल, कारण पॅनल रोज काढून रोज ठेवावी लागतात. वर्षाचा हिशेब करणाऱ्याला तो तसा वाटणार नाही.

दुसरा हिशेब वजनाचा. प्रत्येक नव्या ट्रेलरच्या दाराशी एक पिवळं लेबल असतं: आत भरायच्या सामानाचं वजन अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, आणि पाण्याची टाकी भरली की त्यातले अमुक पौंड पाण्यातच गेले. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी सव्वातीनशे पौंडांहून जास्त. या लेबलाचा नियम मला फार बोलका वाटतो. कारखान्यातून निघाल्यानंतर आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात पडण्यापूर्वी ट्रेलरवर १०० पौंडांपेक्षा किंवा कमाल वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त भर घातली तर लेबलावरचा आकडा दुरुस्त करावा लागतो. विक्रीनंतर मालकाला असा कोणताही बंधनकारक नियम नाही. तो लाकडी शेल्फ लावतो, लॅमिनेटची फरशी घालतो, जाड गादी आणतो आणि लेबलावरचा आकडा तसाच राहतो. वजन किती हे जसं महत्त्वाचं, तसंच ते कुठे हेही. हिचवर, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडतात तिथे, ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार असावा लागतो. मागच्या बंपरला सायकलींचा रॅक लावला की एक्सल टेकू होतो, पुढचा भार उचलला जातो आणि महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. शिवाय बऱ्याच ट्रेलरचा तो बंपर म्हणजे सांडपाण्याचा पाइप ठेवायला केलेली पातळ पत्र्याची चौकोनी नळी असते. प्रत्येक मोठ्या बदलानंतर ट्रकचालकांच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर ट्रेलर नेऊन एक्सल आणि हिचचा भार वेगवेगळा मोजावा. थोड्याशा डॉलरांत पावती मिळते आणि ती पावती पुढच्या बदलाचं बजेट ठरवते.

या मोजपट्टीवर सगळेच बदल नापास होतात असं नाही. काही तर निगा कमी करतात. पाणी घालावं लागणाऱ्या शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर तेवढ्याच क्षमतेला वजन निम्म्याहून कमी होतं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहत नाही आणि क्षमतेचा बराच मोठा भाग प्रत्यक्ष वापरता येतो. पण इथेही बदल एकटा येत नाही. जुना कन्व्हर्टर शिशासाठी बनवलेला असतो, तो नव्या बॅटरीला पूर्ण चार्ज करेलच असं नाही. ही बॅटरी शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून पुष्कळ जण ती हिचवरून उचलून आत आणतात. मग पुढचा भार कमी होतो आणि मागच्या परिच्छेदातला वजनकाटा पुन्हा गाठावा लागतो. दीड हजार वॉटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर सव्वाशे अँपिअरच्या पुढे ओढतो. त्याला बोटाएवढी जाड केबल लागते आणि बॅटरीजवळच फ्यूज लागतो. केबलचा नट सैल राहिला तर तिथेच उष्णता साठते, तेव्हा तो नटही वर्षातून एकदा हात लावून पाहायच्या यादीत गेला.

यावर पहिला आक्षेप असा येतो: कारखान्याचंच काम इतकं घाईचं असतं की मालकानं हात घातला नाही तर ट्रेलर टिकणारच नाही. यात तथ्य आहे. कपाटाच्या मागे भुसा, अर्धवट आवळलेले पाइपचे सांधे, छतावर कुठे जाड तर कुठे पातळ पडलेलं सिलंट हे नव्या ट्रेलरमध्ये सहज सापडतं. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. कारखान्याची घाई दुरुस्त करणं म्हणजे निगाच, आणि ती आधी व्हायला हवी. अर्धवट आवळलेल्या सांध्याच्या वर सुंदर नवा नळ बसवून काही साधत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सगळं कसबी माणसाचं काम, हौशी मालकानं त्यात पडू नये. इतिहास वेगळं सांगतो. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे टिन कॅन टुरिस्ट्स ही प्रवाशांची संघटना उभी राहिली तेव्हाच्या फिरत्या घरांत घरी बनवलेल्यांची संख्या मोठी होती. एअरस्ट्रीम सुरू करणारे वॉली बायम आधी लोकांना घरी ट्रेलर बांधायचे आराखडे विकत होते. मालकाचा हात हा या वस्तूच्या मुळातच आहे. बेअरिंगला ग्रीस भरणं, जे एक्सलचे उत्पादक साधारणपणे वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी सांगतात, हे शिकून येणारं काम आहे. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचणं तर त्याहून सोपं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयानं जातात, म्हणून खोल नक्षी बघून फसू नये. पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत. कसबी माणूस वर्षातून एकदा भेटतो. पावसानंतर कपाट उघडून वास घेणारा मालकच असतो. गॅसची नळी आणि ब्रेकच्या वायरी यांना मी अपवाद मानतो. तिथे जाणकाराकडूनच काम करून घ्यावं आणि गॅसगळतीच्या सूचकाच्या पाठीवरची मुदत मात्र स्वतः वाचावी.

तिसरे सांगतात, भारीतला ट्रेलर घ्या, प्रश्नच मिटतो. दोन अर्ध्या कवचांचे फायबरग्लासचे ट्रेलर, जसे कॅनडातल्या विनिपेगचा जुना बोलर किंवा मिनेसोटाचा स्कॅम्प, खरोखरच जास्त टिकतात, कारण त्यांना सांधे कमी. तरीही खिडक्या, झरोके आणि कवचातून आरपार गेलेले रिव्हेट असतातच. ॲल्युमिनियमच्या एअरस्ट्रीमचीही तळफळी मागच्या बाजूनं कुजते. पैशानं भोकांची संख्या कमी होते, शून्य होत नाही.

राहिला आनंदाचा मुद्दा. काहींना वाटेल की मी हौसेला हिशेबाच्या वहीत कोंडतोय. स्वतःच्या हातानं केलेल्या शेल्फवर पहिला कप ठेवण्यातला आनंद मी नाकारत नाही. फक्त असं वाटतं की तो आनंद दहा वर्षं टिकायचा असेल तर शेल्फच्या मागची भिंत कोरडी राहायला हवी, आणि ती कोरडी ठेवण्यातही हाताचं, नजरेचं, धीराचं तितकंच कसब आहे. कोपऱ्याची पट्टी नीट पुन्हा बसवणारा माणूस मला शेल्फ करणाऱ्याइतकाच कारागीर वाटतो.

म्हणून नुकताच ट्रेलर घेतलेल्यांना माझी विनंती आहे: पहिलं वर्ष ड्रिल बाहेर काढू नका. छतावर चढून प्रत्येक सांध्याचा फोटो काढा. मोठ्या पावसानंतर कपाटांचे कोपरे चाचपा, ओलावा मोजायचं साधं यंत्र घेऊन खिडक्यांखालचे आकडे लिहून ठेवा. थंडीआधी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायला शिका, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. बदलांची यादी मनात येईल तशी लिहीत जा आणि वर्षअखेरीला वाचा. त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतःच खोडाल. जे उरेल ते खुशाल करा, आणि ज्या दिवशी भोक पाडाल त्याच दिवशी ते तपासणीच्या यादीत लिहा.