शेपटाआधीची फट

पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी होते ती अगदी टोकाला. सायलेन्सरच्या शेपटात नळी किमान 300 मिलिमीटर आत सरकवतात आणि तिथून ओढलेला वायू यंत्र मोजतं. बीएस-4 किंवा बीएस-6 गाडी आयडलिंगला असताना कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत हवा. मग इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या आसपास धरायचं. तिथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.2 टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, 0.97 ते 1.03. पण इंजिनापासून शेपटापर्यंतच्या वाटेत कुठे फट पडली असेल, तर इंजिनाने सोडलेला वायू आणि यंत्राला मिळालेला वायू एक राहत नाहीत.

म्हणून या कामात मुरलेला मिस्त्री आधी रीडिंग बघत नाही, विचारतो: "सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर टिकटिक येते का हो, साहेब?" मेनिफोल्डचं पॅकिंग उडालेलं असलं, तर थंड इंजिनाला ती टिकटिक स्पष्ट येते. लोखंड तापून फुगलं की फट मिटत जाते आणि आवाज बसतो. गिऱ्हाईक गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणतो तोवर ऐकण्यासारखं काही उरलेलं नसतं. रात्रभर गाडी ठेवून जायला सांगणारा मिस्त्री वेळकाढूपणा करत नसतो.

फटीतून धूर बाहेर जातो हे कुणालाही पटतं. बाहेरची हवा आत येते, हे मात्र समजावून सांगावं लागतं. एक्झॉस्टचा वायू सलग वाहत नाही. दर वेळी व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक धक्का येतो आणि त्याच्या मागोमाग क्षणभर दाब वातावरणाच्याही खाली जातो. तेवढ्यात फट हवा ओढून घेते. त्या हवेत जवळपास 21 टक्के ऑक्सिजन असतो, तर सुस्थितीतल्या इंजिनाच्या धुरात तो नावापुरताच.

आता ही फट पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर सगळा हिशेबच बिघडतो. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. इंजिन रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर, चालू लागतं. धूर शुद्ध करणारा कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ताजा असेल तर बराचसा कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो, पण त्या जळण्याने स्वतः जास्त तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. तो आधीच थकलेला असेल तर रीडिंग मर्यादेबाहेर. मग "कॅटकॉन गेलाय" असा निकाल झटकन दिला जातो. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्यामुळे नवा कॅटकॉन फार महाग पडतो, आणि नवा बसवूनही फट तशीच राहते! स्कॅनर लावून फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोलात केलेली वाढ-घट, पाहण्याआधी कॅटकॉन उतरवणं हा गिऱ्हाइकावर सरळ अन्याय आहे. ट्रिम बरीच अधिक दाखवत असेल तर इनटेकची गळती, फ्यूएल प्रेशर आणि एक्झॉस्टची फट, तिन्ही तपासायला हवीत.

फट कॅटकॉनच्या मागे, सायलेन्सरच्या जोडाला असेल, तर गोष्ट उलटी होते. दुधात पाणी पडावं तशी हवा धुरात मिसळते आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खाली येतो. इथे लॅम्डा कामाला येतो. बॉशमधल्या योहानेस ब्रेटश्नायडर यांच्या सूत्राने तो धुरातल्या वायूंवरूनच काढतात. ऑक्सिजन वाढला की लॅम्डा 1.03 च्या वर सरकतो आणि 14-15 टक्के असायला हवा तो कार्बन डायऑक्साइड पडलेला दिसतो. चारही वायू एकत्र वाचणाऱ्याला ही भेसळ लगेच कळते. फक्त कार्बन मोनॉक्साइड बघून "पास" म्हणणाऱ्याला ती कळत नाही.

फट पडायला गंजही कारण असतो: कोकणातल्या खाऱ्या हवेत पाइप बाहेरून गंजतात. शहरात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांचे मात्र आतून. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर पुरेसा तापलाच नाही तर ते आत साचतं आणि तळ खातं. तळाला भोक दिसलं म्हणून लगेच वेल्डिंग करू नये. पुष्कळ सायलेन्सरना पाणी निघून जायला कंपनीनेच बारीक छिद्र ठेवलेलं असतं. खऱ्या फटीभोवती बहुधा काजळीचा डाग असतो. डाग नसला तर थंड इंजिनावर शेपटाशी फडकं धरून जोडांवर साबणाचं पाणी मारतात, बुडबुडे जागा दाखवतात.

आणि हे सगळं सर्टिफिकेटपुरतं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॉनेटखालची किंवा सीटखालची फट तो केबिनमध्ये आणू शकते, आणि काचा बंद करून एसी लावून झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. पीयूसी पास झालेली गाडीही अशी फट घेऊन फिरत असू शकते, कारण तपासणीची नळी फक्त शेपटात असते.

पॅकिंग बदललं, फ्लेक्सिबल पाइप नवा बसवला, तरी लगेच पीयूसीला पळू नये. ईसीएमने शिकलेली जादा पेट्रोलची सवय तशीच असते. स्कॅनरने ट्रिम रीसेट करावी किंवा गाडी थोडी लांबवर, वेगवेगळ्या वेगाने चालवून आणावी आणि इंजिन, कॅटकॉन दोन्ही गरम असतानाच नळी घालू द्यावी.