चप्पल कोल्हापूरला, कागद बंगळूरला

आमच्या घरची चप्पल कोल्हापूरला विकली जायची आणि आमचे कागद बंगळूरला जायचे. निपाणी-अथणीच्या पट्ट्यातल्या चर्मकार घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला यात काही वेगळं वाटलं नाही, कारण जन्मल्यापासून हेच पाहिलं होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. माल उचलणारे व्यापारी मात्र मिरज-कोल्हापूरकडचेच राहिले. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ. आमच्या भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी बसवण्णांच्या कल्याणातल्या समगार हरळय्यांची. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पायताण शिवलं, ही कथा आजी आम्हाला अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये सांगायची.

आता आमच्यातली बरीच भावंडं बेंगळुरूत आहेत. कुणी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहे, कुणी बँकेत, कुणी संगणकावर काम करतं. माघ पौर्णिमेला रोहिदास जयंतीच्या निमित्ताने जमलो की जेवण उरकल्यावर बोलणं हमखास त्या घरांवर येतं. आतेभाऊ एक आठवण काढतो, मावसबहीण ती दुरुस्त करते, आणि रात्र सरते.

पहिली आठवण सगळ्यांची एकच निघते, ती म्हणजे कमावलेल्या कातड्याचा वास. कातडं कमावण्याचं काम आमच्यात होत नसे. ते ढोर समाजाच्या घरांचं. चुन्याच्या पाण्यात कातडं भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवत ठेवायचं, आणि यात आठवडे जायचे. आजा ते कातडं बोटांनी दाबून, वाकवून, कानाजवळ नेऊन, पारखून घ्यायचा. घरी आल्यावर पुन्हा भिजवायचं आणि मग रापीने तळ कापायचे. तळ म्हशीच्या कातड्याचा, वेणीला बकऱ्याचं मऊ कातडं. खऱ्या चपलेत खिळा नसायचा. कातड्याच्याच वादीने तळ शिवायचा, आरीने भोक पाडत आणि वादी ओढत. आमच्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, उजव्या हाताच्या बोटांवर त्या वादीचे कायमचे वळ होते.

कापायचं काम पुरुषांचं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुकानाची पाटी, पावती, व्यापाऱ्याची वही, सगळीकडे पुरुषाचं नाव. पण चप्पल कोल्हापुरी दिसते ती वेणीमुळे, पट्ट्यावरच्या कामामुळे, गोंड्यामुळे, आणि ते सगळं बायका करायच्या. आजी, आई, काकी दुपारची भांडी आवरली की उंबऱ्याजवळच्या उजेडात बसायच्या. कातड्याच्या बारीक पट्ट्या पायाच्या अंगठ्यात अडकवून त्यांची वेणी घालायच्या, तीही न बघता, बोलता बोलता. बाजूचे कान शिवायचं कामही बरंचसं त्यांच्याकडेच. आमच्या गल्लीपलीकडच्या घरांत बायका विड्या वळायच्या, कारण निपाणी तंबाखूची पेठ. विडी वळणाऱ्या बाईला हजारी विड्यांमागे तिची म्हणून मजुरी मिळायची. आमच्या आईच्या वेणीची मजुरी मात्र जोडाच्या दरात बुडालेली असायची आणि तो दर आण्णांच्या हातात पडायचा. आण्णा वाईट माणूस नव्हते. आईने कधी पैसे मागितले तर त्यांनी नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. पण तिला मागावे लागायचे. हे आम्हाला लहानपणी दिसलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

पावसाळा वाईट जायचा. कातडं वाळत नाही, ओलं कातडं शिवता येत नाही, आणि चिखलात कोल्हापुरी घालतं कोण? मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. दिवाळीच्या मालातून ती वळती व्हायची आणि पाडव्याला हातात थोडकंच उरायचं. दर ठरवणारा तोच, उचल देणारा तोच, त्यामुळे घासाघीस करायला आमच्या बाजूला काही उरत नसे. त्या चपलेवर पुढे दुकानात काय किंमत लागते, हे आमच्या घरात कुणाला नीट माहीत नव्हतं.

आणि जात होती. लग्नसराईत गावातल्या मोठ्या घरचा नवरदेव आजाने शिवलेली करकरणारी चप्पल घालून मिरवायचा. माप द्यायला मात्र तो आमच्या अंगणापर्यंतच यायचा. कागदावर पाय ठेवून आजाने कडेने रेघ ओढायची, आणि पैसे वरून हातावर टाकले जायचे. शाळेत आमच्या दप्तराच्या वासावरून बाकं बदलली गेली आहेत. हे सगळं ज्यांनी सोसलं त्यांनीच आम्हाला सांगितलं की रापी धरू नका, शिका. ही कला मुलांनी पुढे नेली नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

बंगळूरला पहिल्यांदा गेले ते आमचे धाकटे काका. 1976 मध्ये कर्नाटक सरकारने चर्मोद्योग विकास महामंडळ काढलं, त्याला सगळे ‘लिडकर’ म्हणतात. पुढे त्याला बाबू जगजीवन राम यांचं नाव मिळालं. महाराष्ट्रात मुंबईला तसंच लिडकॉम 1974 मध्ये निघालं होतं, पण आम्ही सीमेच्या अलीकडचे, म्हणून आमचे अर्ज बंगळूरला. काका असाच एक अर्ज घेऊन रात्रीच्या बसने गेले आणि तिथेच राहिले. बुटांच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं. तिथे क्रोमचं कातडं होतं, बाभळीच्या सालीला आठवडे लागतात ते काम रसायनात दिवसाभरात उरकणारं. कातडं निळसर ओलं येतं आणि त्याला आपला वास नसतो, असं ते सांगायचे. महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा आणि पावसाळ्यातही मिळायचा. काकांनी तिथे एकही कोल्हापुरी शिवली नाही, पण आम्हा सगळ्या पोरांची शाळेची फी त्या पगारातून गेली. आमच्या पिढीचं बेंगळुरू असं सुरू झालं.

अथणीकडच्या बायकांचं मात्र वेगळं घडलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या मधुरा छत्रपती यांच्या पुढाकाराने तिथे कारागिरांची संघटना उभी राहिली, ‘टोहोल्ड’ नावाची. बायकांचे बचत गट झाले, बँकेत त्यांच्या नावाची खाती निघाली, नमुने आणि मापं परदेशी पायांना जुळतील अशी बसवली गेली, आणि अथणीची चप्पल मधल्या व्यापाऱ्याशिवाय परदेशात जाऊ लागली. त्या भागातली आमची एक मावशी पहिल्यांदा बँकेचं पासबुक घेऊन माहेरी आली, तेव्हा आजीने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. अशी संघटना आमच्या गल्लीपर्यंत पोचली असती तर आमच्या आईचंही पासबुक निघालं असतं, असं मला अजून वाटतं.

नंतरची वर्षं कच्च्या मालाने अवघड केली. महाराष्ट्रात 2015 मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, कर्नाटकातही 2021 पासून कायदा कडक झाला. म्हशीचं कातडं चालतं, पण ने-आण करणारे धास्तावले आणि दर चढले. तमिळनाडूतून तयार कातडं मागवणारी घरं वाढली. सालीत कमावणारी माणसं आधीच थोडी होती, ती आणखी कमी झाली. त्यात रेक्झिनच्या ‘कोल्हापुरी’ बाजारात आल्या. बेंगळुरूच्या फुटपाथवर त्या ढिगाने मिळतात.

2018 च्या अखेरीस कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर असे आठ जिल्हे आहेत. मानांकन लिडकॉम आणि लिडकर या दोघांच्या नावावर आहे. त्यावर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी चप्पल आमचीच म्हणून वाद घातला. आमच्या घरात तो वाद कुणालाच समजला नाही, कारण इथे शिवायची आणि तिथे विकायची, हेच पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल मिरवली, कोल्हापूरचा उल्लेख न करता. गदारोळ झाला, मग कंपनीने मूळ मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार केला. त्या दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर आईचा वेणी घालतानाचा एक जुना फोटो फिरत होता. फोटोच्या खाली कुणीतरी तिचं पूर्ण नाव लिहिलं. वेणीच्या कामाशेजारी तिचं नाव मी पहिल्यांदा तिथे वाचलं.

कराराचा पैसा अंगणापर्यंत पोचेल का, हे दर जोडामागे वेणी घालणारीला किती मिळतात यावरूनच ठरेल. तुम्ही बेंगळुरूत चित्रकला परिषदेच्या आवारातल्या प्रदर्शनात किंवा आणखी कुठे कोल्हापुरी घ्यायला गेलात, तर चप्पल कुठल्या गावची ते विचारा, कातडं सालीत कमावलेलं आहे का ते विचारा, आणि वीस-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि आमच्या पिढीच्या भावंडांनो, तुमच्या घरात अजून एखादी काकी किंवा वहिनी वेणी घालत असेल, तर मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांसाठीचा अर्ज तुम्ही तिच्या शेजारी बसून भरा. कारागीर म्हणून त्यावर नाव तिचं घाला.