पोहऱ्यात होतं, तरी

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आई सहज म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. मी मात्र त्या म्हणीपाशी अडकलो. माझ्या बाबतीत ती लागूच पडत नाही. पोहऱ्यात होतं. साठ-सत्तर जीबीचा गेम, पैसे मोजून घेतलेला, रात्रभर जागून उतरवलेला, माझ्याच लॅपटॉपमध्ये. खेळणारा मी एकटा. घाटातला रस्ता, एक गाडी, शर्यतीला दुसरं कुणी नाही. तरी पडद्यावर ओळ येते : सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. खाली एकच बटण, पुन्हा प्रयत्न करा. त्या ओळीच्या मागे गाडी उभी दिसते. बोनेटवरून उजेड हळूहळू सरकत असतो, काचेवर ढग उमटतात. म्हणजे माझं यंत्र ती गाडी घडवतंय, तिच्यावर ऊन पाडतंय. फक्त ती सुरू करायची मुभा माझ्याकडे नाही.

आमच्या मावळातल्या कामशेतला नेट जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आवणीच्या दिवसांत पाऊस लागून राहिला की वीज जाते, मोबाइल टॉवरची बॅटरी काही वेळ तग धरते, मग रेंजच्या दांड्या एकेक करून कमी होतात. कधी रस्त्याच्या कामात जेसीबी केबलच उचकटून टाकतो. नाणे मावळात आत शिरावं तर डोंगर आडवे येतात. हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवायचा, उतरवलेली गाणी लावायची. एकट्याने खेळायचा गेम खरं तर अशाच दुपारींसाठी असतो. आणि नेमका तेव्हाच तो नाही म्हणतो, हे मनाला लागतं.

पबजीची गोष्ट वेगळी. शंभर जणांना एका बेटावर उतरवायचं तर त्यांना जोडणारं काहीतरी हवंच. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, पुढे भारतासाठी आलेली आवृत्ती जुलै 2022 मध्ये अडली आणि मे 2023 मध्ये परत आली. पोरं हळहळली, पण तो खेळच चारचौघांतला होता. मैदान बंद झालं तर सामना होणार नाही, हे कुणालाही कळतं. मी म्हणतोय ते घरात एकट्याने मांडलेल्या पटाबद्दल.

लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमची पिवळी कॅसेट असायची. खालच्या फटीत पितळी रंगाच्या पट्ट्यांची रांग. चालली नाही की त्या फटीत जोरात फुंकर मारायची, सदऱ्याच्या टोकाने पुसायची, पुन्हा दाबून बसवायची. दोष धुळीचा असे, आणि धूळ आपल्या हाताने निघत असे. मग सीड्या आल्या आणि विकतच्या एका सीडीमागे कॉपी केलेल्या कितीतरी फिरू लागल्या. गेम बनवायला वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना त्यातून काही मिळत नव्हतं. खेळ सर्व्हरला बांधून ठेवायची कल्पना आली त्यामागे ही भीतीही होती, आणि ती खोटी नव्हती.

पण मार्च 2013 मध्ये शहर उभारायचा ‘सिमसिटी’ हा गेम आला, तेव्हा पैसे भरलेल्या लोकांना कित्येक दिवस आपल्या शहरात शिरताच येईना. सर्व्हर कोलमडले होते. शहराचा बराचसा हिशेब सर्व्हरवर होतो, त्याच्याशिवाय हा खेळ चालायचा नाही, असं बनवणारे सांगत होते. वर्षभराने, मार्च 2014 मध्ये, त्यांनीच नेटशिवाय चालणारी सोय दिली. ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचं तर 31 मार्च 2024 ला सगळंच संपलं. सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने फिरायचे रस्तेही त्यांच्याबरोबर गेले. त्यावरून युरोपात गेम असे मारू नका म्हणून मोहीम उभी राहिली, 10 लाखांवर सह्या झाल्या.

आता म्हणीकडे परत येतो, कारण ती पाठ सोडत नाही. आडाला पायऱ्या नसतात. विहिरीत उतरून ओंजळीने पाणी घेता येतं, आडातलं दोराशिवाय वर येत नाही. म्हण फक्त आड आणि पोहरा एवढंच बोलते. दोर कुणाचा, रहाटावर हात कुणाचा, याबद्दल ती गप्प आहे. आड आणि पोहरा एकाच गावचे असतात, असंच ती धरून चालते.

मावळात ते कधीपासूनच तसं नाही. लोणावळ्याजवळच्या वळवणसारख्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून 1915 पासून खोपोलीला वीज होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आंदर मावळातल्या ठोकळवाडीचं पाणी 1922 पासून भिवपुरीला उतरतं. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळलं. आणि पवना धरण भरलं की आनंद पिंपरी-चिंचवडला होतो. आड इथला, पोहरे लांबचे.

पवनेचं पाणी शहराला नदीतूनच जातं. ते धरणापासून बंद जलवाहिनीतून न्यायचं ठरलं, तेव्हा मावळ पेटला. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ, एक्सप्रेस वेवर, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या मरणांशेजारी मी माझी गेमची तक्रार ठेवत नाही, ठेवूही नये. पण ते भांडण मी पुन्हा पुन्हा आठवतो. शहराला पाणी देऊ नका असं नव्हतं ते. पाणी जायचंच होतं. नदीतून गेलं तर काठावरच्या गावांना मोटर टाकून शेत भिजवता येतं, गुरं पाण्यावर नेता येतात. नळातून गेलं तर ते वाटेत कुणाचंच नाही, फक्त शेवटच्या टोकाला तोटी. पाणी तेच. कुणाच्या दारावरून उघडं जातं, एवढाच फरक, आणि त्या एवढ्याशा फरकावर काठावरचं सगळं जगणं उभं.

इथवर मी ठाम होतो. पण चिंचवडला माझी बहीण राहते. तिच्याकडे पाणी दिवसाआड येतं. वाटेत सांडपाणी मिसळतं, गळती होते, बंद नळातून आलं तर स्वच्छ आणि पुरेसं येईल, असं तिकडच्या लोकांचं म्हणणं आहे. तिच्या स्वयंपाकघरात भरून ठेवलेली पिंपं बघितली की मला ते चूक म्हणवत नाही. गळती नको, चोरी नको, म्हणून सगळं बंद नळातून न्यायचं. गेम बनवणारेही हेच तर सांगतात.

आणखी एक गोष्ट म्हणीत नाही. आडाचा गाळ काढावा लागतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गावातली माणसं दोराने आत उतरायची, पाट्या भरून चिखल वर यायचा. ते कुणीच केलं नाही तर आड बुजतो आणि बुजल्याचा दोष कुणा एकाचा नसतो. सर्व्हरलाही वीज लागते, माणसं लागतात. चार खेळणाऱ्यांसाठी तो किती वर्षं चालू ठेवायचा? ‘द क्रू’च्या चाहत्यांनी 2025 मध्ये स्वतःच सर्व्हरची जागा घेणारी व्यवस्था लिहिली आणि बुजलेला आड मोकळा केला. त्यांना तो हक्क होता का, हे कायदा सांगेल. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण माझ्या गेमवर अशी वेळ आली तर मी गाळ काढायला उतरणाऱ्यांत असेन, की काठावर पोहरा घेऊन उभा असेन? मला माझं पाणी माझ्या घरात हवंय, एवढं नक्की वाटत होतं. आता वाटतं, ते घरात येऊन बंद झालं की आडाशी माझं नातं उरणार नाही, आणि नातं ठेवायचं तर रहाटावरच्या दुसऱ्या हाताला कधीतरी नाही म्हणण्याचा अधिकारही द्यावा लागेल. किती द्यायचा, हे मला ठरवता येत नाही.